जागतिक तापमानवाढीचे पर्माफ्रॉस्टवरील परिणाम

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात राहिलेली जमीन. तिच्यात माती, वाळू, खडक, बर्फ आणि न कुजलेले जैविक अवशेष यांचा समावेश असू शकतो. ही व्याख्या केवळ तापमानावर आधारलेली आहे. त्यामुळे ज्या कोरड्या खडकात बर्फ अजिबात नाही, तोही शून्याखाली राहिला तर पर्माफ्रॉस्टच ठरतो. हिमनदी आणि पर्माफ्रॉस्ट या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिमनदी हा जमिनीवर साचलेला व हळूहळू सरकणारा बर्फ असतो, तर पर्माफ्रॉस्ट ही स्वतः गोठलेली जमीन असते.

उत्तर गोलार्धातील भूभागाच्या सुमारे १५ टक्के क्षेत्राखाली, म्हणजे जवळपास १.४ कोटी चौरस किलोमीटर क्षेत्रात, अशी जमीन आढळते. जागतिक तापमानवाढीमुळे ती उबदार होत असून अनेक ठिकाणी वितळू लागली आहे. या प्रक्रियेने जमीन खचते, इमारती व रस्ते यांचे नुकसान होते आणि डोंगरउतार अस्थिर होतात. तसेच हजारो वर्षे जमिनीत बंदिस्त असलेला कार्बन वातावरणात येतो. हा कार्बन तापमानवाढीत भर घालतो आणि वाढलेल्या तापमानाने आणखी जमीन वितळते. म्हणून पर्माफ्रॉस्टचे वितळणे हे तापमानवाढीचा परिणामही आहे आणि तिचे एक कारणही.

संज्ञा आणि अभ्यासाचा इतिहास

सैबेरियातील रहिवाशांना गोठलेल्या जमिनीची माहिती फार पूर्वीपासून होती. तिच्या खोलीचा अंदाज मात्र एका विहिरीमुळे आला. याकुत्स्क येथे रशियन-अमेरिकन कंपनीचे काम पाहणारे फ्योदोर शेर्गिन यांनी १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खोदण्यास सुरुवात केली. १८३७ पर्यंत ती सुमारे ११६ मीटर खोल गेली, तरी गोठलेला थर संपला नाही आणि पाणीही लागले नाही. पुढे १८४० च्या दशकात अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञांनी या विहिरीत वेगवेगळ्या खोलींवर तापमान मोजले. खोलीनुसार तापमान वाढत जाते, परंतु तळाशीही ते शून्याखाली आहे, असे त्यांना आढळले. ही विहीर शेर्गिनची विहीर या नावाने ओळखली जाते आणि पर्माफ्रॉस्टच्या शास्त्रीय अभ्यासाच्या इतिहासात तिचे स्थान महत्त्वाचे आहे.

‘पर्माफ्रॉस्ट’ हा शब्द अमेरिकी भूवैज्ञानिक सायमन म्युलर यांनी १९४३ मध्ये रूढ केला. ‘कायमचे’ आणि ‘गोठण’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून तो बनला आहे. मराठीत त्यासाठी ‘कायम गोठलेली जमीन’ असे म्हणता येते. प्रत्यक्षात ही जमीन कायमची गोठलेली राहीलच असे नाही, हे आजच्या बदलांवरून स्पष्ट झाले आहे. १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय पर्माफ्रॉस्ट संघटनेची स्थापना झाली. आज अनेक देशांतील बोअरमध्ये बसवलेल्या तापमापकांच्या साहाय्याने या जमिनीच्या तापमानाची नियमित नोंद ठेवली जाते.

जमीन गोठलेली का राहते

जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान दिवसरात्र आणि ऋतूंनुसार बदलते, परंतु खोलवर हा बदल विरत जातो. साधारण दहा ते पंधरा मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर जवळपास स्थिर असते आणि ते त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते. बीड जिल्ह्यातील नेकनूर हे गाव बालाघाटच्या पठारावर आहे. तेथील खोल विहिरीचे पाणी वैशाखात गार आणि पौषात कोमट लागते, याचे कारण हेच आहे. पाण्याचे तापमान फारसे बदललेले नसते, बदललेली असते ती बाहेरची हवा. त्या भागाचे वार्षिक सरासरी तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने जमिनीच्या पोटातील तापमानही त्याच्या जवळ राहते.

हाच नियम याकुत्स्कला लावला तर चित्र उलटे होते. तेथे उन्हाळ्यात हवा ३० अंशांपर्यंत तापू शकते, पण हिवाळा इतका दीर्घ व कडक असतो की वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या बरेच खाली राहते. परिणामी उन्हाळ्याची ऊब फक्त वरच्या थरापर्यंत पोहोचते आणि खालची जमीन गोठलेलीच राहते.

उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात पुन्हा गोठणाऱ्या या वरच्या थराला सक्रिय थर म्हणतात. त्याची जाडी काही दशांश मीटरपासून दोन-तीन मीटरपर्यंत असते. झाडांची मुळे, ओलावा आणि बहुतेक सूक्ष्मजीव याच थरात असतात. त्याखालील पर्माफ्रॉस्टची जाडी काही मीटरपासून सैबेरियाच्या काही भागांत सुमारे दीड किलोमीटरपर्यंत आढळते. इतका जाड थर काही शतकांत तयार होत नाही. तो गेल्या हिमयुगांतील दीर्घ थंडीचा वारसा आहे.

विस्तार

गोठलेल्या जमिनीच्या व्याप्तीनुसार पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशाचे चार भाग केले जातात. ज्या भागात ९० टक्क्यांहून अधिक जमीन गोठलेली असते तो अखंड पर्माफ्रॉस्टचा प्रदेश होय. ५० ते ९० टक्के असल्यास खंडित, १० ते ५० टक्के असल्यास विखुरलेला आणि १० टक्क्यांहून कमी असल्यास तुरळक असे त्याचे वर्णन केले जाते. तापमानवाढीचा परिणाम प्रथम शेवटच्या तीन प्रदेशांत ठळकपणे दिसतो, कारण तेथील जमिनीचे तापमान आधीच शून्याच्या अगदी जवळ असते.

रशियाच्या सुमारे ६५ टक्के भूभागात, अलास्काच्या मोठ्या भागात आणि कॅनडाच्या जवळपास निम्म्या भागात पर्माफ्रॉस्ट आढळतो. ग्रीनलंडच्या बर्फमुक्त किनाऱ्यावर आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातही तो आहे. ध्रुवीय प्रदेशाबाहेर त्याचे सर्वांत मोठे क्षेत्र तिबेटच्या पठारावर असून ते सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर आहे. हिमालय, आल्प्स, अँडीज यांसारख्या उंच पर्वतांतही पर्माफ्रॉस्ट आहे. आर्क्टिक महासागराच्या उथळ किनारी भागात समुद्रतळाखालीही तो आढळतो. हिमयुगात समुद्रपातळी कमी असताना हा भाग उघडी जमीन होता. अंटार्क्टिकातील बर्फाने न झाकलेली जमीनही गोठलेली असते.

तापमानवाढ जमिनीपर्यंत कशी पोहोचते

१८५०–१९०० या कालखंडाच्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशांनी अधिक होते. ही वाढ सर्वत्र सारखी नाही. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. समुद्रावरील बर्फ कमी झाला की सूर्यप्रकाश परावर्तित करणारा पांढरा पृष्ठभाग घटतो आणि गडद पाणी अधिक उष्णता शोषते, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

हवा तापली की जमीन त्याच प्रमाणात तापते असे नाही. दोहोंमध्ये अनेक घटक आड येतात. हिवाळ्यातील जाड बर्फ गोधडीसारखे काम करतो आणि जमिनीतील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे हिमवृष्टी वाढली तर हिवाळ्यात जमीन पुरेशी गार होत नाही. उलट शेवाळ आणि जैविक मातीचा थर उन्हाळ्यात जमिनीला उन्हापासून वाचवतो. वणव्यात हा थर जळून गेला की खालची जमीन झपाट्याने वितळते. उन्हाळ्यातील पावसाचे पाणी जमिनीत उष्णता वाहून नेते. उंच झुडपे वाढली की हिवाळ्यात त्यांच्याभोवती बर्फ साचतो आणि जमीन उबदार राहते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बर्फाचे पाणी होताना मोठ्या प्रमाणात उष्णता शोषली जाते. त्यामुळे शून्याच्या जवळ पोहोचलेल्या बर्फयुक्त जमिनीचे तापमान काही काळ वाढताना दिसत नाही, कारण येणारी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होत असते. केवळ तापमापकाकडे पाहिल्यास अशी जमीन स्थिर वाटू शकते. प्रत्यक्षात ती आतून बदलत असते.

नोंदवलेले बदल

जगभरातील बोअरच्या नोंदींनुसार २००७ ते २०१६ या काळात पर्माफ्रॉस्टचे तापमान सरासरी सुमारे ०.२९ अंशांनी वाढले. अखंड पर्माफ्रॉस्टच्या आर्क्टिक प्रदेशात ही वाढ सुमारे ०.३९ अंश, तर पर्वतीय प्रदेशात सुमारे ०.१९ अंश होती. दहा वर्षांत पाव अंशाहून थोडी अधिक वाढ किरकोळ वाटू शकते. परंतु ती पृष्ठभागावरील एखाद्या उष्ण दिवसाची नोंद नसून जमिनीच्या पोटातील वाढ आहे. उणे अर्धा अंश तापमान असलेल्या जमिनीला वितळण्याच्या उंबरठ्यावर आणण्यास एवढी वाढ पुरेशी ठरते.

अनेक ठिकाणी सक्रिय थर जाड होत आहे. काही ठिकाणी उन्हाळ्यात वितळलेला थर हिवाळ्यात पूर्णपणे गोठत नाही. अशा वेळी वरचा गोठलेला थर आणि खालचा पर्माफ्रॉस्ट यांच्यामध्ये वर्षभर न गोठणारा पट्टा तयार होतो आणि त्यात कुजण्याची क्रिया हिवाळ्यातही चालू राहते.

भूरूपांवरील परिणाम

ज्या जमिनीत बर्फाचे प्रमाण अधिक असते, ती वितळल्यावर खचते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत मावेल त्याहून अधिक बर्फ तेथे असतो. तो वितळून पाणी निघून गेले की मातीला आधार राहत नाही. या प्रक्रियेतून तयार होणाऱ्या खड्डे, तळी आणि उंचसखल भूरूपांना थर्मोकार्स्ट म्हणतात. सैबेरिया व अलास्कामध्ये हिमयुगात वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीचे येडोमा नावाचे थर आहेत. त्यांच्या घनफळाचा निम्म्याहून अधिक भाग बर्फाचा असू शकतो. म्हणून तेथे खचण्याचा धोका सर्वाधिक असतो.

रशियाच्या साखा प्रजासत्ताकातील बातागाइका येथील घळ हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण आहे. १९६० च्या दशकात तेथील जंगल तोडल्यानंतर जमिनीवरील सावली व संरक्षक थर नाहीसा झाला आणि उतार खचू लागला. आज ही घळ सुमारे एक किलोमीटर लांब असून तिचे कडे मागे सरकतच आहेत. तिच्या भिंतींत उघड्या पडलेल्या थरांतून लाखो वर्षांच्या हवामानाचा पुरावा मिळतो. आर्क्टिक किनाऱ्यावरही झीज वाढली आहे. तेथे समुद्रावरील बर्फ पूर्वीपेक्षा कमी काळ टिकतो, त्यामुळे लाटा वितळत्या कड्यांवर अधिक काळ आदळतात.

कार्बनचे उत्सर्जन

पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशातील जमिनीत अंदाजे १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे. वातावरणातील कार्बनच्या तो जवळपास दुप्पट आहे. हा कार्बन मुळे, पाने, शेवाळ आणि प्राणी यांच्या अवशेषांतून आला. उष्ण प्रदेशात असे अवशेष लवकर कुजतात. मराठवाड्यातील शेतात टाकलेले शेणखत काही हंगामांतच मातीत विरून जाते. गोठलेल्या जमिनीत मात्र सूक्ष्मजीवांचे कार्य जवळजवळ थांबलेले असते, त्यामुळे हजारो वर्षांपूर्वीची मुळेही ओळखू येतील अशा अवस्थेत सापडतात.

जमीन वितळली की कुजण्याची क्रिया सुरू होते. कोरड्या, हवेशीर जमिनीत तिच्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. पाणी साचलेल्या जागी प्राणवायू पोहोचत नाही आणि तेथे मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेनचा तापवण्याचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर वीस वर्षांच्या हिशोबाने ८० पटींच्या आसपास असतो. मात्र मिथेन वातावरणात सरासरी बारा वर्षांच्या आसपासच टिकतो. अलास्का व सैबेरियातील तळ्यांच्या तळातून निघालेले मिथेनचे बुडबुडे हिवाळ्यात बर्फात अडकलेले दिसतात.

आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार, जागतिक तापमानातील प्रत्येक अंशाच्या वाढीमागे २१०० पर्यंत पर्माफ्रॉस्टमधून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुमारे १८ अब्ज टन कार्बन बाहेर पडेल. या अंदाजाची मर्यादा सुमारे ३ ते ४१ अब्ज टन इतकी रुंद आहे. खनिज इंधनांच्या ज्वलनातून सध्या दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन बाहेर पडतो, त्याच्याशी तुलना केल्यास या आकड्याचे प्रमाण लक्षात येते.

याविषयी दोन टोकाचे समज आढळतात. पहिला समज असा की, पर्माफ्रॉस्ट हा ‘मिथेनचा बॉम्ब’ असून तो एकाएकी फुटून पृथ्वीचे तापमान काही वर्षांत कित्येक अंशांनी वाढवेल. उपलब्ध पुरावा याला दुजोरा देत नाही. उत्सर्जन अनेक दशके व शतके हळूहळू होत राहील, असे बहुतेक अभ्यास दाखवतात. दुसरा समज असा की, ही प्रक्रिया संथ असल्याने तिची चिंता करण्याचे कारण नाही. तोही बरोबर नाही. एकदा बाहेर पडलेला हा कार्बन मानवी कालमानात जमिनीत परत जात नाही. कारखान्याचे उत्सर्जन निर्णय घेऊन थांबवता येते, वितळलेल्या जमिनीतील कुजणे तसे थांबवता येत नाही. शिवाय जमीन अचानक खचण्याच्या घटना पर्माफ्रॉस्टच्या सुमारे २० टक्के क्षेत्रात संभवतात, पण त्या क्षेत्रात जमिनीतील कार्बनचा जवळपास निम्मा साठा आहे. हवामानाच्या अनेक प्रतिमानांत या घटनांचा अद्याप पुरेसा समावेश झालेला नाही.

वस्ती आणि बांधकामांवरील परिणाम

गोठलेली जमीन काँक्रीटसारखी कठीण असते, म्हणून तिच्यावर शहरे, विमानतळ, रेल्वेमार्ग आणि तेलवाहिन्या उभारल्या गेल्या. याकुत्स्क व नोरिल्स्क येथील अनेक इमारती जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर उभ्या आहेत. इमारतीच्या खाली मोकळी जागा ठेवलेली असते, जेणेकरून घरातील उष्णता जमिनीत उतरू नये. जमीन उबदार झाली की खांबांची पकड सैल होते आणि भिंतींना तडे जातात. एका अभ्यासानुसार उत्तर गोलार्धात २०५० पर्यंत सुमारे ३६ लाख लोक अशा भागांत राहत असतील, जेथे वरचा पर्माफ्रॉस्ट वितळून बांधकामांना धोका संभवतो.

२९ मे २०२० रोजी नोरिल्स्कजवळील एका वीज केंद्रातील इंधनाची टाकी फुटली आणि २० हजार टनांहून अधिक डिझेल जमिनीत व नद्यांत पसरले. टाकीखालील आधार खचला होता. कंपनीने सुरुवातीला पर्माफ्रॉस्ट वितळल्याचे कारण दिले, तर रशियाच्या नियामक यंत्रणेच्या तपासात पायाच्या आराखड्यातील व बांधकामातील दोषांवर बोट ठेवण्यात आले. वितळणाऱ्या जमिनीवर जुन्या बांधकामांतील उणिवा किती महागात पडू शकतात, हे या घटनेने दाखवून दिले.

अलास्कातील न्यूटॉक या युपिक लोकांच्या गावाची जमीन पर्माफ्रॉस्ट वितळल्याने आणि नदीच्या झिजेमुळे नाहीशी होत गेली. ग्रामस्थांनी सुमारे १५ किलोमीटर अंतरावरील मेर्टारविक येथे नवे गाव वसवण्याचा निर्णय घेतला. २०१९ मध्ये पहिली कुटुंबे तेथे गेली. धरणासाठी गाव उठण्याचा अनुभव महाराष्ट्रात अनेकांना आहे. तेथे निदान धरणाची तारीख ठाऊक असते. न्यूटॉकच्या लोकांना जमीन किती वर्षे टिकेल याचा अंदाज घेत स्थलांतर करावे लागले.

आरोग्यावरील परिणाम

२०१६ च्या उन्हाळ्यात सैबेरियाच्या यामल द्वीपकल्पात अँथ्रॅक्सची साथ आली. या रोगाला मराठीत फाशी रोग किंवा काळपुळी असे म्हणतात. तेथे दोन हजारांहून अधिक रेनडिअर मृत्युमुखी पडले, अनेक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि एका बारा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्या भागात यापूर्वीची साथ १९४१ मध्ये नोंदवली गेली होती. असामान्य उष्ण उन्हाळ्यात जमीन खोलवर वितळल्याने जुन्या संसर्गाचे बीजाणू वर आले असावेत, असे मानले जाते. रेनडिअरचे लसीकरण २००७ मध्ये बंद करण्यात आले होते, हेही साथ पसरण्यामागील महत्त्वाचे कारण होते.

हिमालय आणि भारत

भारतात लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि सिक्कीमच्या अतिउंच भागांत पर्माफ्रॉस्ट आढळतो. येथील जमीन ध्रुवीय मैदानांसारखी सपाट नसून उभ्या उतारांची आहे. खडकांच्या भेगांतील बर्फ डोंगराला सांधून ठेवतो. तो वितळला की दरडी व कडे कोसळण्याचा धोका वाढतो. लडाखमधील लेह येथे वर्षाला साधारण १०० मिलिमीटरच पर्जन्य होतो. अशा कोरड्या प्रदेशात हिमनद्यांबरोबरच गोठलेल्या जमिनीतील बर्फाचे पाण्याच्या दृष्टीने काय योगदान आहे, याचा अभ्यास चालू आहे.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक व बर्फ कोसळला. त्यातून आलेल्या लोंढ्यात ऋषिगंगा व तपोवन-विष्णुगाड येथील जलविद्युत प्रकल्पांची हानी झाली आणि २०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. अशा एखाद्या दुर्घटनेचे कारण थेट तापमानवाढीशी जोडणे कठीण असते. परंतु गोठलेल्या कड्यांतील वाढते तापमान हा अशा उतारांना कमकुवत करणारा एक घटक मानला जातो.

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री उत्तर सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरात काठाचा गोठलेला हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून साठवलेला दगडमातीचा ढीग, कोसळला. सुमारे १.४७ कोटी घनमीटर राडारोडा पाण्यात पडल्याने प्रचंड लाट उसळली आणि सरोवराचा बांध फुटला. तीस्ता नदीच्या पुरात चुंगथांग येथील १,२०० मेगावॅट क्षमतेच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले व अनेकांचा बळी गेला. या घटनेच्या अभ्यासात पर्माफ्रॉस्टच्या ऱ्हासाचा उल्लेख विशेषत्वाने आला आहे.

भारताचे ध्रुवीय संशोधन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत चालते. २००८ मध्ये या केंद्राने स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंद येथे हिमाद्री हे भारताचे पहिले आर्क्टिक संशोधन केंद्र सुरू केले. २०२२ मध्ये भारताने स्वतःचे आर्क्टिक धोरणही जाहीर केले.

बियाण्यांची साठवण

पर्माफ्रॉस्टचा मराठवाड्यातील शेतीशी एक थेट संबंध आहे. स्वालबार्डमधील लाँगइयरबेनजवळ एका डोंगरात २००८ मध्ये जागतिक बियाणे भांडार सुरू झाले. जगभरातील जनुकपेढ्या आपल्या बियाण्यांच्या जोड प्रती तेथे ठेवतात. हैदराबादजवळील पटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांच्या वाणांचे नमुने तेथे पाठवले आहेत. बीडच्या कोरडवाहू शेतात पेरली जाणारी हीच पिके आहेत. भांडारात बियाणे उणे १८ अंश तापमानात यंत्रांच्या साहाय्याने ठेवले जाते. यंत्रणा बंद पडली तरी भोवतालचा गोठलेला खडक ते काही काळ थंड ठेवील, या हेतूने ही जागा निवडली गेली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये असामान्य उष्ण हवा व पाऊस यांमुळे या भांडाराच्या प्रवेश बोगद्यात पाणी शिरले. बियाण्यांपर्यंत ते पोहोचले नाही व कोणतेही नुकसान झाले नाही. तरीही नॉर्वेने पुढे नवा जलरोधक बोगदा बांधला. भारतानेही २०१० मध्ये लडाखमधील चांग ला या पाच हजार मीटरहून अधिक उंचीवरील खिंडीत बियाणे साठवण्याची सोय उभारली. तेथेही निसर्गतः थंड व गोठलेल्या जमिनीचा उपयोग केला जातो.

उपाय आणि अनुकूलन

स्थानिक पातळीवर जमीन गोठलेली ठेवण्याचे अनेक उपाय वापरले जातात. १९७७ मध्ये सुरू झालेल्या सुमारे १,२८७ किलोमीटर लांबीच्या अलास्का तेलवाहिनीचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीपासून उंच खांबांवर आहे. त्या खांबांत बसवलेल्या नळ्या हिवाळ्यात जमिनीतील उष्णता बाहेर फेकतात. २००६ मध्ये पूर्ण झालेला चिंघाई-तिबेट रेल्वेमार्ग सुमारे ५५० किलोमीटर पर्माफ्रॉस्टवरून जातो. तेथे सैल दगडांचे भराव, उष्णता बाहेर काढणाऱ्या नळ्या आणि पूल यांचा वापर केला आहे. हिमालयात धोकादायक सरोवरांवर देखरेख, पूर्वसूचना यंत्रणा आणि प्रकल्पांच्या जागांची काळजीपूर्वक निवड हे महत्त्वाचे उपाय आहेत.

मात्र असे उपाय एखादी वाहिनी, रस्ता किंवा इमारत वाचवू शकतात. लाखो चौरस किलोमीटर जमिनीला नळ्या बसवणे शक्य नाही. व्यापक प्रमाणावर पर्माफ्रॉस्ट टिकवण्याचा ज्ञात मार्ग हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे हाच आहे.

भविष्यातील अंदाज

आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या सहाव्या अहवालानुसार, जागतिक तापमानातील प्रत्येक अतिरिक्त अंशामागे वरच्या तीन मीटरमधील पर्माफ्रॉस्टचे घनफळ सध्याच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी घटेल. या प्रक्रियेत ‘येथपर्यंत सुरक्षित आणि येथून पुढे सर्वनाश’ अशी एकच सीमारेषा नाही. प्रत्येक दशांश अंशाने काही जमीन वितळते आणि तितकाच दशांश टाळल्यास काही जमीन वाचते. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ २ अंशांहून बरीच खाली ठेवण्याचे आणि १.५ अंशांसाठी प्रयत्न करण्याचे उद्दिष्ट आहे. या दोन मर्यादांमधील फरक पर्माफ्रॉस्टच्या दृष्टीने मोठा आहे.

हवेत मिसळलेला कार्बन डायऑक्साइड कोठून आला याला पुढे महत्त्व राहत नाही. सैबेरियातील मातीतून निघालेला वायू आणि वाहनांतून निघालेला वायू यांचा परिणाम सारखाच होतो. तापमानवाढ मर्यादित ठेवण्यासाठी आणखी किती कार्बन सोडता येईल, याचा जागतिक हिशोब मांडताना पर्माफ्रॉस्टचे उत्सर्जन त्यातून वजा करावे लागते. त्यामुळे मानवी वापरासाठी उरणारा वाटा लहान होतो. या वाट्यावर सर्वच देशांची वाहतूक, वीज आणि शेती अवलंबून आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील बीडसारखे अवर्षणप्रवण जिल्हे पावसाच्या अनियमिततेने आधीच त्रस्त आहेत. ज्यांनी पर्माफ्रॉस्ट कधी पाहिलाही नाही अशा तेथील शेतकऱ्यांसाठीही तो गोठलेला राहणे हिताचे आहे.